केळीच्या जनुकापासून शुद्ध प्रथिनापर्यंत : खानदेशातील नवशिक्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी मार्गदर्शन

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालयात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचा विषय मिळतो, वहीच्या पहिल्या पानावर ‘अमुक जनुकाची अभिव्यक्ती तपासणे व त्याचे प्रथिन जिवाणूत तयार करणे’ असे शीर्षक लिहिले जाते, आणि त्यानंतर सुरुवात नेमकी कोठून करायची हे सांगणारे कोणी भेटत नाही. कंपनीच्या किटसोबत येणारी पुस्तिका वातानुकूलित प्रयोगशाळा, अखंड वीज आणि दुसऱ्या दिवशी दारात येणारे पार्सल गृहीत धरते. आपल्याकडे या तिन्ही गोष्टींचा भरवसा नसतो. या वाटेने मी स्वतः गेलो आहे आणि पुढे काही विद्यार्थ्यांना सोबतही केली आहे. त्या अनुभवावरून ही माहिती क्रमाने देत आहे.

उदाहरण म्हणून केळीतील एसीसी ऑक्सिडेज या विकराचे (एन्झाइमचे) जनुक घेऊ. फळ पिकताना इथिलीन वायू तयार होतो आणि त्याची शेवटची पायरी हे विकर पार पाडते. रावेर, सावदा, यावल भागातून हिरवा माल बाहेर जातो आणि तो पिकवणीच्या खोलीत इथिलीन देऊन पिकवला जातो, हे आपल्याला नवे नाही. त्यामुळे हे जनुक कच्च्या फळात किती बोलते आणि पिकताना किती बोलते (म्हणजे त्याची अभिव्यक्ती, त्यापासून किती आरएनए बनतो), हा प्रश्न येथील विद्यार्थ्याला सहज भिडतो. प्रथिनाचे आकारमान सुमारे ३५ ते ३६ किलोडाल्टन असल्याने नवशिक्याच्या दृष्टीनेही ते सोयीचे आहे.

१. आधी कागद, मग पिपेट

पुढील गोष्टी एका फायलीत जमल्याशिवाय काहीही मागवू नये.

- संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला दिलेली सूचना किंवा तिची परवानगी. जनुकीय बदल केलेल्या सजीवांवरील काम भारतात १९८९ च्या नियमांखाली येते. ई. कोलाय या जिवाणूच्या प्रयोगशाळेतील निरुपद्रवी वाणांवरचे काम कमी जोखमीचे मानले जाते, तरी समितीला कळवावे लागतेच.
- प्लाझमिड (जनुक जिवाणूत वाहून नेणारा डीएनएचा गोल तुकडा) दुसऱ्या संस्थेकडून येणार असेल तर साहित्य हस्तांतरणाचा करार. त्यावर विद्यार्थ्याची सही चालत नाही, संस्थेच्या अधिकृत व्यक्तीची लागते. यालाच सर्वांत जास्त वेळ जातो, म्हणून ते काम पहिल्या आठवड्यातच हाती घ्यावे.
- जनुकाचा पूर्ण क्रम, प्लाझमिडचा नकाशा आणि प्रायमरचे (जनुक उचलण्यासाठी लागणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांचे) क्रम, यांची छापील प्रत.
- रसायनांची सुरक्षापत्रके. विशेषतः ॲक्रिलअमाइड, फिनॉल, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल आणि पीएमएसएफ यांची.

जंगली केळीच्या एका वाणाचा जनुकसंच २०१२ साली प्रसिद्ध झाला असून क्रम सार्वजनिक संग्रहात मिळतो. आपल्या भागात लावली जाणारी ग्रँड नैन ही त्रिगुणित (गुणसूत्रांचे तीन संच असलेली) जात असल्यामुळे तिच्यातील क्रमात बारीक फरक असू शकतात. प्रायमर त्या क्रमावर बेतले तरी मिळालेला तुकडा सिक्वेन्सिंग (क्रमवाचन) करून खात्री करावीच.

२. नमुना आणि आरएनए

येथे बहुतेकांची पहिली फजिती होते. कच्च्या केळीच्या गरात पिष्ट भरपूर असते, आणि केळीच्या प्रत्येक भागात चीक व पॉलिफिनॉल असतात. कापलेली केळी काळी पडते तीच क्रिया नळीत घडते आणि आरएनए तपकिरी, चिकट गोळ्यात अडकून बसतो. प्राण्यांच्या पेशींसाठी बनवलेले नेहमीचे फिनॉलयुक्त द्रावण थेट वापरून माझ्या हाती दोन वेळा केवळ जेलीसारखा साका आला होता.

केळीसाठी सीटीएबी या साबणासारख्या रसायनाची पद्धत वापरावी. बफरमध्ये पॉलिफिनॉल धरून ठेवणारे पीव्हीपी आणि वापरण्याच्या वेळी घातलेले बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल असावे, बफर ६५ अंशांवर तापवून ठेवावा, द्रव नायट्रोजनमध्ये कुटलेली पूड वितळू न देता थेट त्या गरम बफरमध्ये टाकावी, मग क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोलच्या २४:१ मिश्रणाने दोनदा धुवावे आणि लिथियम क्लोराइड घालून रात्रभर थंडीत ठेवून आरएनए खाली बसवावा. लिथियम क्लोराइडमुळे पिष्ट आणि डीएनए बऱ्याच अंशी वरच्या द्रवात राहतात, म्हणून येथे ते नेहमीच्या अल्कोहोलपेक्षा उपयोगी ठरते.

द्रव नायट्रोजन गावात मिळत नसेल तर पशुवैद्यकीय कृत्रिम रेतन केंद्रात तो असतो. रीतसर पत्र देऊन विचारता येते. नमुना शेतातून आणताना मात्र केळी बर्फावर ठेवली म्हणजे काम झाले असे समजू नये. तोडल्यापासून गोठवेपर्यंतच्या वेळात जनुकांची अभिव्यक्ती बदलते, म्हणून सर्व नमुन्यांसाठी हा वेळ सारखा ठेवावा आणि वहीत लिहावा.

मोजणी करताना २६० व २८० नॅनोमीटरचे गुणोत्तर २ च्या आसपास आणि २६० व २३० चे गुणोत्तर २ किंवा किंचित जास्त हवे. दुसरे गुणोत्तर १ च्या खाली असेल तर शर्करा किंवा पॉलिफिनॉल राहिले आहेत असे समजावे. आकडा चांगला आला तरी जेलवर एकदा तपासावे, कारण तुकडे झालेला आरएनएही आकडे चांगलेच देतो. शेवटी उरलेला डीएनए तोडणाऱ्या डीएनेज १ ची प्रक्रिया टाळू नये.

३. अभिव्यक्ती मोजणे

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या विकराने आरएनएपासून सीडीएनए (आरएनएची डीएनए प्रत) तयार केला की अर्धा भाग मोजणीसाठी आणि अर्धा पुढे जनुक उचलण्यासाठी ठेवावा. येथे एक मुद्दा ठळकपणे सांगावासा वाटतो. केळीच्या जनुकात इंट्रॉन (प्रथिनाचा संकेत नसलेले मधले तुकडे; संकेत असलेले ते एक्सॉन) असतात आणि ई. कोलायला ते काढून टाकता येत नाहीत. त्यामुळे पानातून काढलेल्या जनुकीय डीएनएवरून जनुक उचलून जिवाणूत घातले तर बरोबर प्रथिन कधीच मिळणार नाही. हे पाठ्यपुस्तकात सर्वांनी वाचलेले असते, तरीही दर वर्षी कोणीतरी ही चूक करते.

रिअल-टाइम पीसीआरसाठी ८० ते १५० बेसजोड्यांचा तुकडा देणारे आणि शक्यतो दोन एक्सॉनच्या सांध्यावर बसणारे प्रायमर घ्यावेत. प्रत्येक नमुना तीन वेळा लावावा. सोबत दोन तुलनेच्या नळ्या लागतात, एक सीडीएनए न घातलेली आणि दुसरी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज न घातलेली. दुसऱ्या नळीत संकेत आला तर आरएनएमध्ये डीएनए उरला आहे.

तुलनेसाठी स्थिर जनुक निवडताना ॲक्टिनवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. फळ पिकताना पेशीची सगळी घडी बदलते, तेव्हा ‘स्थिर’ म्हणवणारे जनुकही हलते. निदान दोन जनुके तपासून घ्यावीत. आकडेमोड २००१ साली लिव्हाक व श्मिटगेन यांनी मांडलेल्या पद्धतीने करतात. तिचा गाभा इतकाच, की प्रायमरची कार्यक्षमता १०० टक्के असेल तर सीटीमध्ये (संकेत ठरावीक पातळी ओलांडतो त्या चक्राच्या क्रमांकामध्ये) १ चा फरक म्हणजे दुप्पट आणि ३ चा फरक म्हणजे आठपट. कार्यक्षमता ९० ते ११० टक्क्यांच्या बाहेर असेल तर हे गणित लागू पडत नाही, म्हणून आधी दहापट पातळ करत गेलेल्या नमुन्यांची रेषा काढावी.

आरएनए आठपट वाढला म्हणजे प्रथिनही आठपट वाढले असे प्रबंधात लिहू नये. परीक्षक तेथेच बोट ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

४. प्लाझमिड आणि वाण यांची जोडी

या कामासाठी पीईटी-२८ए हे प्लाझमिड चांगले. त्यावर कॅनामायसिनरोधी जनुक असते आणि प्रथिनाला सहा हिस्टिडिनची शेपटी लावण्याची सोय असते. पीईटी मालिकेतील जनुक टी७ प्रवर्तकावर (जनुक चालू करणाऱ्या डीएनएच्या भागावर) चालते आणि त्यासाठी टी७ आरएनए पॉलिमरेज लागते. ते बीएल२१(डीई३) या वाणात असते, डीएच५-अल्फात नसते. डीएच५-अल्फा प्लाझमिड वाढवण्यासाठी, बीएल२१(डीई३) प्रथिन बनवण्यासाठी, हे फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवावे. मी स्वतः तीन आठवडे डीएच५-अल्फात आयपीटीजी (जनुक चालू करणारे रसायन) घालत राहिलो आणि बँड का येत नाही म्हणून आयपीटीजीच्या बाटलीला दोष देत राहिलो.

क्रम जोडताना वाचनचौकट बिघडत नाही ना, हे कागदावर तीन-तीन अक्षरे मोजून पाहावे. शेपटी प्रथिनाच्या शेवटी हवी असेल तर जनुकाचा थांबा संकेत काढावा लागतो, सुरुवातीला हवी असेल तर तो ठेवावा लागतो. नंतर सिक्वेन्सिंग करून घ्यावे. हा खर्च वाचवून पुढे चार महिने चुकीच्या तुकड्यावर काम केलेले विद्यार्थी मी पाहिले आहेत.

ट्रान्सफॉर्मेशनला (प्लाझमिड पेशीत शिरवायला) नळी बर्फावर ३० मिनिटे, मग ४२ अंशांवर ४५ सेकंद, पुन्हा बर्फावर २ मिनिटे आणि त्यानंतर प्रतिजैविक नसलेल्या माध्यमात ३७ अंशांवर १ तास, असा क्रम असतो. बर्फाचे यंत्र नसेल तर कारखान्याच्या लादीचा किंवा शेजारच्या रसवंतीतला बर्फही चालतो, पण तो बारीक फोडून त्यात थोडे पाणी घालावे, नाहीतर नळीला बर्फ ठिकठिकाणीच टेकतो आणि पेशी सारख्या गार होत नाहीत.

५. इंडक्शन : येथे घाई करू नये

इंडक्शन म्हणजे आयपीटीजी घालून पेशींकडून प्रथिन बनवून घेणे. सर्वांत जास्त शिकण्यासारखे आणि सर्वांत जास्त बिघडणारे काम हेच आहे.

आदल्या संध्याकाळी एकच वसाहत घेऊन ५ मिलिलिटर एलबी माध्यमामध्ये ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर कॅनामायसिनसह वाढवावी. सकाळी हे विरजण नव्या माध्यमात शंभरात एक या प्रमाणात टाकावे. घरी दही लावताना विरजण जास्त झाले की दही आंबते, तसेच येथेही जास्त विरजण टाकले तर थकलेल्या पेशींपासूनच सुरुवात होते. ६०० नॅनोमीटरवरील ओडी (पेशींच्या दाटपणाचे माप) ०.६ च्या आसपास आला की १ मिलिलिटर नमुना ‘आधीचा’ म्हणून काढून ठेवावा आणि मग आयपीटीजी घालावे. आयपीटीजीचा १ मोलर साठा म्हणजे १ मिलिलिटरमध्ये २३८ मिलिग्रॅम. ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून छोट्या भागांत उणे २० अंशांवर ठेवावे.

पहिल्या प्रयोगात एक लिटर कल्चर लावण्याचा मोह आवरावा. १० मिलिलिटरच्या सहा नळ्या लावाव्यात : आयपीटीजी ०.१, ०.५ आणि १ मिलिमोलर, प्रत्येकी ३७ अंशांवर ४ तास आणि २० अंशांच्या आसपास रात्रभर. जोडीला रिकाम्या (आपले जनुक न घातलेल्या) प्लाझमिडचे कल्चर अवश्य लावावे. ते नसेल तर जेलवर दिसणारा जाड बँड आपल्या प्रथिनाचा आहे की जिवाणूच्या स्वतःच्या एखाद्या प्रथिनाचा, हे सांगता येत नाही.

आता खानदेशाच्या उन्हाळ्याविषयी. साध्या इनक्युबेटर शेकरला तापवता येते, थंड करता येत नाही. मे महिन्यात प्रयोगशाळेचेच तापमान ४० अंशांच्या पुढे जाते तेव्हा पडद्यावर ३७ लिहिलेले असले तरी आतील माध्यम त्याहून गरम असू शकते. फ्लास्कशेजारी पाण्याच्या नळीत थर्मामीटर ठेवून खात्री करावी. कमी तापमानाचे इंडक्शन शीतकरण असलेल्या शेकरशिवाय उन्हाळ्यात शक्यच नाही. असा शेकर विभागात नसेल तर हे काम सरळ डिसेंबर-जानेवारीत ठेवावे, कारण तेव्हा रात्री बंद खोलीचे तापमान विशीच्या आसपास येते आणि साधा शेकर पुरतो. प्रकल्पाचे वेळापत्रक आखताना रसायनांच्या यादीइतकेच ऋतूलाही महत्त्व द्यावे, असे माझे ठाम मत आहे.

भारनियमनाचाही हिशेब करावा. शेकर थांबला की प्राणवायूअभावी पेशींची वाढ मंदावते. अर्ध्या तासापेक्षा जास्त खंड पडला तर ते कल्चर तुलनेसाठी वापरू नये. फीडरचे वेळापत्रक माहीत करून घेऊन इंडक्शनचे चार तास त्याबाहेर बसवावेत. शेकर वीज आल्यावर आपोआप सुरू होतो की बटण दाबावे लागते, हे पहिल्याच दिवशी तपासावे.

अँपिसिलिनरोधी प्लाझमिड वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे, की ते प्रतिजैविक पेशींनी सोडलेल्या विकरामुळे माध्यमातून संपत जाते आणि प्लाझमिड टाकून दिलेल्या पेशी माजतात. रात्रभराच्या जुन्या विरजणाऐवजी ताजे विरजण वापरल्यास हा त्रास कमी होतो.

६. जेल वाचायला शिकणे

१२ टक्क्यांचे एसडीएस-पेज जेल ३५ किलोडाल्टनसाठी योग्य आहे. उन्हाळ्यात जेल लवकर गोठते. मी एकदा टेमेड (जेल गोठवणारे रसायन) घालून काचा घट्ट करायला वळलो, तेवढ्यात बीकरमध्येच जेल तयार झाले. काचा आधी लावून, पाण्याने गळती तपासून, द्रावण थोडा वेळ बर्फात ठेवून मग टेमेड घालावे. न गोठलेले ॲक्रिलअमाइड मज्जासंस्थेला घातक असते, म्हणून हातमोजे असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

जेलवर एका ओळीत या लेन असाव्यात : मार्कर (ठाऊक आकारांच्या प्रथिनांचे मिश्रण), रिकामे प्लाझमिड, आयपीटीजीपूर्वीचा नमुना, नंतरचा नमुना, पेशी फोडल्यावरचा वरचा द्रव, खालचा साका. प्रत्येक लेनमध्ये सारख्याच पेशी जाव्यात यासाठी ओडीच्या प्रमाणात नमुना घ्यावा. चार तासांनंतर कल्चर आपोआप दाट झालेले असते, आणि सारखे आकारमान घेतले तर सगळेच बँड जाड दिसतात. त्यावरून ‘प्रथिन वाढले’ असे म्हणणे ही मोठी दिशाभूल असते.

बँड वरच्या द्रवात असेल तर उत्तम. साक्यात असेल तर प्रथिनाने घडी नीट न घेता गोळे केले आहेत. अशा वेळी क्रमाने तापमान कमी करावे, आयपीटीजी कमी करावे, आणि तरीही उपयोग झाला नाही तर एमबीपी किंवा जीएसटीसारखी विद्राव्यता वाढवणारी जोड लावावी. ८ मोलर युरियात साका विरघळवून प्रथिन शुद्ध करता येते. प्रतिपिंड तयार करण्यासाठी तेवढे पुरते, पण विकराची क्रिया मोजायची असेल तर पुन्हा घडी घालण्याचा खटाटोप करावा लागतो आणि नवशिक्याने त्यात पडू नये.

७. पेशी फोडणे आणि शुद्धीकरण

बफरमध्ये ५० मिलिमोलर ट्रिस (पीएच ८), ३०० मिलिमोलर मीठ आणि १० मिलिमोलर इमिडॅझोल घ्यावे. प्रथिने तोडणाऱ्या विकरांना रोखणारे पीएमएसएफ पाण्यात लवकर निष्प्रभ होते, म्हणून ते ऐन वेळी घालावे. सोनिकेटर १० सेकंद चालू, २० सेकंद बंद, आणि नळी सतत बर्फात. फेस आला म्हणजे टोक वर आले आहे.

हिस्टिडिनची शेपटी निकेलला चिकटते, त्यावर निकेल-एनटीएचा कॉलम चालतो. त्यासाठी ईडीटीए असलेला बफर किंवा ईडीटीएयुक्त प्रोटिएज-रोधक गोळी चालत नाही, कारण ईडीटीए निकेल ओढून घेते आणि निळी बीड्स (कॉलममधील बारीक मणी) पांढरी पडतात. डीटीटीने ती तपकिरी होतात. एक लिटर कल्चरसाठी १ मिलिलिटर बीड्स पुरतात. जास्त घेतल्यास रिकाम्या जागांवर जिवाणूची इतर प्रथिने बसतात. २० ते ४० मिलिमोलर इमिडॅझोलने धुवावे आणि २५० मिलिमोलरने प्रथिन उतरवावे. इमिडॅझोल मिसळल्यावर पीएच पुन्हा लावावा, कारण ते आम्लारीधर्मी आहे. वाहून गेलेला प्रत्येक अंश (फ्रॅक्शन), अगदी पहिले ‘टाकाऊ’ पाणीही, जेल होईपर्यंत जपावे. प्रथिन कॉलमला चिकटलेच नसेल तर ते तेथेच सापडते.

मोजणी ब्रॅडफर्ड पद्धतीने ५९५ नॅनोमीटरवर करावी आणि कोरी नळी म्हणून त्याच इमिडॅझोलयुक्त बफरचा वापर करावा.

८. मागवणे, साठवणे

विकरे आणि सक्षम पेशी मुंबई किंवा पुण्याहून येतात. पार्सल सोमवारी निघेल अशी मागणी करावी. शुक्रवारी निघालेले पार्सल शनिवारी सायंकाळी बंद कार्यालयाच्या दारात पडते आणि रविवारच्या उन्हात कोरडा बर्फ उडून जातो. उघडताक्षणी बर्फ शिल्लक होता का, याची तारखेसह नोंद करून छायाचित्र घ्यावे, बदलून मागताना तेच कामी येते.

शुद्ध प्रथिन ४ अंशांवर रात्रभर डायलिसिस करून इमिडॅझोल काढावे. बफरचा पीएच प्रथिनाच्या समविद्युत बिंदूपासून (ज्या पीएचला प्रथिनावर निव्वळ भार नसतो त्यापासून) किमान एकाने दूर ठेवावा, नाहीतर सकाळी पिशवीत पांढरे ढग दिसतात. नंतर १० टक्के ग्लिसरॉल घालून ५० मायक्रोलिटरच्या नळ्या भराव्यात आणि उणे ८० अंशांवर ठेवाव्यात. एकदा वितळलेली नळी पुन्हा गोठवू नये. नळीच्या झाकणावर आणि बाजूवर, दोन्हीकडे नाव, अंश क्रमांक व तारीख लिहावी. साध्या मार्करची शाई अल्कोहोलने पुसली जाते, त्यामुळे वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी.